इंग्रजीचे अलंकार आणि बार्शीचा विद्यार्थी

इंग्रजी कवितेतील एक ओळ देऊन तीत कोणता अलंकार आहे हे ओळखावे व स्पष्ट करावे, अशा स्वरूपाचा प्रश्न महाराष्ट्रातील बारावीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत सोडवावा लागतो. बार्शीचा विद्यार्थीही तो सोडवतो, आणि बहुधा बरोबर सोडवतो. ओळीत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली, ते न दिसता एक वस्तू दुसरीच आहे असे म्हटले की मेटाफर, एकाच ध्वनीने दोन-तीन शब्द सुरू झाले की ॲलिटरेशन, आणि निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली की पर्सॉनिफिकेशन, एवढ्या खुणा पाठ असल्या म्हणजे काम भागते. गुण मिळतात, विद्यार्थी समाधानी असतो, शिक्षकही समाधानी असतात आणि प्रश्न तिथेच संपतो.

वस्तुतः प्रश्न तिथे सुरू व्हावयास हवा. कारण त्याच दिवशी संध्याकाळी त्याच विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर इंग्रजीत एक संदेश येतो. त्याला कर्ज 'मंजूर झालेच आहे', ते फक्त त्याच्यासारख्या निवडक ग्राहकांसाठी आहे, संधी आज रात्रीपर्यंतच आहे आणि हप्ता दिवसाला अवघा तेहतीस रुपये आहे, असे त्यात मोठ्या आपुलकीने सांगितलेले असते. सकाळी कवितेतील अतिशयोक्ती ओळखणारा हा मुलगा संध्याकाळी या मजकुरातील एकही डाव ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने सकाळचे इंग्रजी हे अलंकारांचे इंग्रजी असते आणि संध्याकाळचे इंग्रजी ही नुसती माहिती असते. दोन्ही ठिकाणी शब्दांचे काम एकच आहे, ऐकणाऱ्याचे मन एका बाजूला वळवण्याचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अलंकार म्हणजे भाषेच्या अंगावरचे दागिने, ही समजूत आपल्याकडे शब्दाच्या व्युत्पत्तीमुळेच रूढ झाली असावी. दागिना काढून ठेवला तरी माणूस तोच राहतो. भाषेतील अलंकार काढून ठेवला तर मात्र पुष्कळदा विधानच बदलते आणि काही वेळा विधान उरतच नाही. म्हणून अलंकाराचे नाव काय, या प्रश्नापेक्षा तो येथे काय काम करीत आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. ज्या समाजाचे कायदे, करार, नेमणुकीचे आदेश, विम्याच्या अटी आणि जाहिराती यांचा फार मोठा भाग आजही इंग्रजीत येतो, त्या समाजात हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा राहत नाही. तो नागरिकाच्या संरक्षणाचा होतो.

मन वळवण्याचे तीन मार्ग

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वशास्त्रावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग बोलणाऱ्याच्या चारित्र्याचा व विश्वासार्हतेचा, दुसरा ऐकणाऱ्याच्या भावनेचा आणि तिसरा युक्तिवादाचा. इंग्रजी अभ्यासक्रमांत ईथॉस, पेथॉस आणि लोगॉस या नावांनी हे तीन मार्ग आजही शिकवले जातात. नावे परकी वाटतात, पण गोष्ट परकी नाही. भुसार बाजारात एखादा आडत्या शेतकऱ्याला 'तीन पिढ्यांची पेढी आहे' असे सांगतो तेव्हा तो पहिल्या मार्गाने जात असतो, 'पोरीचे लग्न तोंडावर आले आहे, माल थांबवून काय करता?' असे म्हणतो तेव्हा दुसऱ्या, आणि आवक वाढल्याचे आकडे पुढे करतो तेव्हा तिसऱ्या. तिन्ही मार्ग प्रामाणिकपणे वापरता येतात आणि तिन्ही फसवणुकीसाठीही वापरता येतात. म्हणून कोणता मार्ग कोठे वापरला जात आहे हे ओळखणे, हीच सुजाणपणाची पहिली पायरी होय.

युक्तिवादाच्या मार्गाचे एक उत्तम उदाहरण बार्शीकरांच्या दाराशीच आहे. 'बार्शी लाइट' हे शब्द या भागात अनेक पिढ्या संथ चालीच्या थट्टेसाठी वापरले गेले. पण या गाडीच्या नावातील 'लाइट' हा शब्द थट्टेचा नव्हता, तो एका युक्तिवादाचा सारांश होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे म्हणणे असे होते की, अडीच फुटी रुळांची गाडी स्वस्तात बांधता येईल आणि तरीही ती पुरेसा माल वाहू शकेल. हलके रूळ आणि जड माल या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा आक्षेप त्यावर कोणालाही सहज सुचावा. त्याचे उत्तर साधे होते. हलका असावयाचा तो एकूण भार नव्हे, तर प्रत्येक आसावर येणारा भार. तो पाच टनांवर जाऊ न देता अधिक आसांवर वाटला, तर यार्डामागे तीस पौंड वजनाचे रूळही पुरेसे होतात. हे नुसते लिहून तो थांबला नाही. इंग्लंडमध्ये लीड्सजवळील न्यूले येथे रूळ टाकून त्याने इंजिन व डबे चालवून दाखवले. १८९५ साली कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी धावू लागली.

यातून विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा असा की, चांगला युक्तिवाद आक्षेपाला बगल देत नाही, तो आक्षेपातील शब्दाचा अर्थ अधिक नेमका करतो आणि मग पुरावा समोर ठेवतो. 'लाइट' या एका विशेषणाचे नेमके विशेष्य कोणते, एवढ्यावर त्या रेल्वेचे सारे गणित उभे होते. कॅल्थ्रॉपचा हेतू अर्थातच व्यापारी होता. परंतु हेतू व्यापारी असूनही युक्तिवाद सच्चा असू शकतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

मेकॉलेचे टिपण : एक वस्तुपाठ

याच्या उलट बाजूचे उदाहरण शोधण्यासाठी, बार्शीच्या मुलांना इंग्रजी शिकावे लागते त्याच्या मुळाशीच जावे लागेल. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी शिक्षणविषयक जे टिपण लिहिले, ते इंग्रजी वक्तृत्वकलेचा एक अव्वल नमुना आहे. त्याचा परिणामही तसाच अव्वल झाला. महिनाभराने, ७ मार्च १८३५ रोजी, गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव केला. इतक्या थोड्या पानांनी इतक्या कोटी लोकांच्या शाळांचे स्वरूप ठरवल्याची उदाहरणे जगात फार नसतील.

या टिपणातील एक विधान सर्वांना ठाऊक आहे. युरोपातील चांगल्या ग्रंथालयाचे एकच फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या सगळ्या वाङ्मयाच्या मोलाचे आहे, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थी म्हणेल, ही हायपर्बोली म्हणजे अतिशयोक्ती, आणि त्याचे उत्तर बरोबर ठरेल. परंतु ही अतिशयोक्ती कोणाच्या तोंडी घातली आहे, हे पाहिल्यावरच तिचे खरे काम समजते. मेकॉले ते आपले मत म्हणून सांगत नाही. पौर्वात्य विद्येचे जे कैवारी, म्हणजे त्याचे प्रतिपक्षी, त्यांच्यापैकीही कोणी हे नाकारणारा आपणास भेटला नाही, असे तो म्हणतो. साक्षीदार प्रतिपक्षाचाच उभा केला म्हणजे उलटतपासणी कोण करणार?

याच्या अलीकडेच त्याने एक कबुली दिली आहे. आपणास संस्कृत किंवा अरबी येत नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. ही कबुली युक्तिवादाला घातक ठरावयास हवी होती. ज्याला भाषा येत नाही त्याने त्या भाषेतील वाङ्मयाची किंमत कशी करावी? परंतु वाचणाऱ्यावर परिणाम उलटा होतो. जो माणूस स्वतःचे उणे इतक्या सरळपणे सांगतो तो पुढचेही सरळच सांगत असणार, अशी भावना निर्माण होते. ॲरिस्टॉटलने सांगितलेला चारित्र्याचा मार्ग तो हाच. पुढे पुराणांतील काकवीच्या व लोण्याच्या समुद्रांची आणि हजारो वर्षे राज्य करणाऱ्या अतिप्रचंड राजांची यादी देऊन तो हशा पिकवतो. हसणारा वाचक, युरोपातील जुन्या कथांतही राक्षस आणि चमत्कार यांची वाण नव्हती, हे विसरून जातो. शेवटी रक्ताने व वर्णाने हिंदी, पण अभिरुचीने, मतांनी, नीतीने आणि बुद्धीने इंग्रज अशा वर्गाची कल्पना तो मांडतो. एका बाजूला दोन शब्द आणि दुसऱ्या बाजूला चार. अँटिथेसिसचा हा तराजू वाक्याच्या रचनेतच एका बाजूला झुकवलेला आहे.

या टिपणात एक दृष्टान्तही आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्रजांनी ग्रीक आणि लॅटिन शिकून आपली उन्नती करून घेतली, तशीच हिंदी लोकांनी इंग्रजी शिकून करावी, असा त्याचा रोख आहे. दृष्टान्त आकर्षक आहे, परंतु तो पूर्ण केला तर कोठे जातो? ग्रीक-लॅटिन शिकलेल्या इंग्रजांनी आपले नवे वाङ्मय अखेर इंग्रजीतच उभे केले. ते परक्या भाषेतून ज्ञान घेऊन घरी परतले. दृष्टान्ताचा हा उत्तरार्ध आपल्याकडे खरा करून दाखवला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'निबंधमाले'तील गद्यावर जॉन्सन आणि मेकॉले यांच्या शैलीचा ठसा आहे, हे अभ्यासक सांगत आलेच आहेत. ज्या हत्याराने मराठीला हिणवले गेले तेच हत्यार घडवणाऱ्याकडून शिकून घेऊन त्यांनी मराठीच्या अभिमानासाठी चालवले. वाघिणीच्या दुधाची जी उपमा इंग्रजीसाठी त्यांच्या नावावर सांगितली जाते, तिचा अर्थ दूध पिऊन वाघिणीच्या मागे फिरावे असा खचित नाही.

एका उपसर्गाची किंमत

शब्दांच्या अर्थाची ही चिकित्सा पंडितांची हौस आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी लोकमान्य टिळकांवरील दोन खटले आठवावेत. १८९७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा भारतीय दंड संहितेच्या १२४ अ या कलमातील 'डिसअफेक्शन' हा इंग्रजी शब्द वादाचा केंद्रबिंदू झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, 'डिसअफेक्शन' म्हणजे अफेक्शनचा, प्रेमाचा, अभाव. हा अर्थ ऐकताना निरुपद्रवी वाटतो. पण प्रेम नसणे आणि वैर असणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शेजारच्या माणसावर प्रेम नाही म्हणून कोणी त्याचा शत्रू ठरत नाही. 'डिस' या उपसर्गाचा अर्थ 'अभाव' की 'विरोध', एवढ्या प्रश्नावर माणसाची निष्ठा आणि स्वातंत्र्य टांगले गेले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढील वर्षीच सरकारने कायद्यात दुरुस्ती करून त्या शब्दाचे स्पष्टीकरण जोडले, यावरूनच तो शब्द किती निसरडा होता हे दिसते.

१९०८ सालच्या खटल्यात प्रश्न आणखी बिकट होता. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तील लेख मराठीत होते. निकाल देणाऱ्या नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय व दोन पारशी होते. म्हणजे लेख मराठी, आरोप इंग्रजी भाषांतरावर आणि ज्यूरी मूळ मराठीला बहुतांशी पारखे. टिळकांनी सरकारी भाषांतरातील शब्दयोजनेवरच हल्ला केला आणि भाषांतरकाराची त्यासाठी उलटतपासणी घेतली. मूळ शब्दाची धार भाषांतरात वाढवली की आशय तोच राहूनही आरोप वेगळा होतो, हा त्यांचा मुद्दा होता. आपला बचाव त्यांनी स्वतः इंग्रजीत केला, आणि तो सहा दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक चालला. तरीही सातांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी नाही. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

या प्रसंगात वक्तृत्वाची शक्ती दिसते आणि मर्यादाही दिसते. एकवीस तासांचा युक्तिवाद त्या न्यायदालनात हरला. मात्र निकालानंतर टिळकांनी उच्चारलेली मोजकी वाक्ये आज मुंबई उच्च न्यायालयात शिलेवर कोरलेली आहेत. ज्यूरींचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. माणसांच्या न्यायालयाहून वरिष्ठ अशी शक्ती आहे. आणि कदाचित आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या कष्टांनीच आपले कार्य अधिक भरभराटीस यावे, अशी तिची इच्छा असेल, असा त्यांचा आशय आहे. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून उंच. इंग्रजीत याला क्लायमॅक्स म्हणतात, आपल्या अलंकारशास्त्रात 'सार'. पण हे नाव लिहून उत्तर पूर्ण होत नाही. दंडित मनुष्य न्यायाधीशाहून उंच जागी कसा उभा राहिला, हे त्या पायऱ्यांनी घडवले, असे ज्याला सांगता येईल त्यालाच तो अलंकार समजला.

आकड्यांचे वक्तृत्व

गोपाळ कृष्ण गोखले यांची रीत टिळकांहून वेगळी होती. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते प्रथम बोलले तेव्हा सरकार शिलकीचे अंदाजपत्रक अभिमानाने मांडत होते. देशात दुष्काळ व प्लेग यांनी हाहाकार उडवलेला होता. गोखल्यांनी शिलकीचा आकडा खोटा ठरवला नाही, तो स्वीकारला आणि त्याचा अर्थ उलटवला. लोक विपन्नावस्थेत असताना तिजोरीत शिल्लक राहते याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त आहेत असा होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी लावून धरली. १९०३ साली तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. ते एका भाषणाचे फळ होते असे कोणी म्हणणार नाही, परंतु प्रतिपक्षाचा पुरावा प्रतिपक्षावरच उलटवणे या तंत्राचा याहून सभ्य नमुना दाखवणे कठीण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषणही याच परंपरेतले. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, हे त्यांनी सांगितले तेव्हा विरोधाचा अलंकार शोभेसाठी आला नव्हता. विसंगती खरोखरच वस्तुस्थितीत होती आणि वाक्याने तिला नेमका आकार दिला. त्याच भाषणात त्यांनी दुसरा एक इशारा दिला. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा भाव होता. बोलणाऱ्याच्या मोठेपणाला पाहून त्याच्या म्हणण्याला मान डोलावू नये, हेच त्यांनी स्वतः मोठे असताना श्रोत्यांना बजावले.

कचेरीची आणि बाजाराची इंग्रजी

ही सारी थोरांची उदाहरणे झाली. सामान्य माणसाची गाठ पडते ती कचेरीच्या आणि बाजाराच्या इंग्रजीशी. कचेरीच्या इंग्रजीचा आवडता अलंकार म्हणजे कर्मणी प्रयोग. 'विलंबाबद्दल खेद वाटतो', 'प्रकरण विचाराधीन आहे', 'योग्य ती कारवाई केली जाईल' या वाक्यांत खेद कोणाला वाटतो, विचार कोण करतो आणि कारवाई कोण, किती दिवसांत करणार, हे कोठेच नसते. ही वाक्ये मूळ इंग्रजीतून मराठी कचेरीत आली आणि 'करण्यात येत आहे' या रूपाने स्थिरावली. प्रत्येक कारकुनाला ती ठाऊक असतात, कारण ती त्यालाच लिहावी लागतात. कर्ता लपवणारे वाक्य दिसले की कर्ता शोधावा, एवढी एक सवय लागली तरी अर्जदार आणि कारकून या दोघांचेही भले होईल.

बाजाराच्या इंग्रजीत लहान शब्द मोठी कामे करतात. 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' यातील 'अप टू' हा शब्द लहान टाइपात असतो, पण सारा व्यवहार त्यानेच ठरतो, कारण एका वस्तूवर पन्नास आणि उरलेल्यांवर पाच टक्के सूट दिली तरी विधान खोटे ठरत नाही. 'पासून सुरू', 'निवडक', 'अटी लागू' हे याच कुळातले शब्द. दिवसाला तेहतीस रुपये हा हिशोबही तसाच. तेहतीस रुपये म्हणजे दोन वेळचा चहा-नाश्ता असे वाटते, पण वर्षाचे ते बारा हजारांवर जातात. रक्कम खोटी नसते, फक्त ती मोजण्याचे माप लहान केलेले असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवण्याचाही समावेश केला आहे. मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांबाबत कर्जदाराला व्याजासह एकूण वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे पत्रक आधी द्यावे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. परंतु पत्रक मिळाले तरी ते वाचणारा डोळा कायदा देऊ शकत नाही. तो वर्गातच तयार व्हावा लागतो.

घरची शिदोरी

या ठिकाणी एक शंका स्वाभाविक आहे. ज्या मुलांना इंग्रजी वाक्य सरळ लिहिता येत नाही त्यांना हे सूक्ष्म ज्ञान कसे झेपणार? शंका रास्त असली तरी तिच्या मुळाशी एक चुकीचे गृहीत आहे. हे ज्ञान इंग्रजीबरोबर बाहेरून येणारे आहे असे त्यात मानलेले आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपदेशाच्या तीन तऱ्हा मानल्या आहेत. धन्याने आज्ञा करावी तशी एक, मित्राने समजवावे तशी दुसरी आणि प्रियेने गोड बोलून वळवावे तशी तिसरी. वेद, पुराणे आणि काव्य यांचे कार्य त्याने असे वेगळे केले. आजचा मोबाइलवरील संदेश या तिन्हींपैकी कोणत्या सुरात बोलतो, एवढे विचारले तरी विद्यार्थ्याच्या डोक्यात प्रकाश पडेल. न्यायशास्त्राने तर 'छल' या नावाने शब्दांच्या फसवणुकीचे स्वतंत्र प्रकरणच केले. मुलाची घोंगडी नवी आहे, या अर्थाने एकाने 'नव' हा शब्द वापरावा आणि दुसऱ्याने त्याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत असे विचारून त्याला खोटे पाडावे, हे वाक्छलाचे उदाहरण शतकानुशतके पाठशाळांत सांगितले गेले. 'मोफत' या शब्दाचा अर्थ जाहिरातीत एक आणि बिलात दुसरा निघतो तेव्हा ती त्या घोंगडीचीच नवी आवृत्ती असते.

ग्रंथ बाजूला ठेवले तरी भगवंताच्या या नगरीत कीर्तन ऐकलेला माणूस दुर्मीळ नाही. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात सिद्धान्त मांडून त्याचे निरूपण होते, उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून मनात उतरवला जातो. आधी बुद्धी आणि मग भावना, हा क्रम कीर्तनकाराने कोणत्याही ग्रीक ग्रंथावरून घेतलेला नाही. बुवा कोठे थांबतात, कोठे प्रश्न विचारून उत्तर देत नाहीत, कोणता शब्द तीनदा उच्चारतात, हे श्रोत्यांतील निरक्षर म्हातारीलाही कळते. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी ज्या ग्रामीण मुलांसाठी बार्शीत शिक्षणाची दारे उघडली, ती मुले ही शिदोरी घेऊनच वर्गात येतात. इंग्रजीच्या तासाला ती शिदोरी सोडावयास कोणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे.

तीन प्रश्न

यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा महागडी साधने नकोत. अलंकाराचे नाव सांगून झाल्यावर शिक्षकाने आणखी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा अलंकार काढून तेच वाक्य साध्या भाषेत लिहिले तर काय उरते? दुसरा, हे वाक्य कोण, कोणाला उद्देशून, काय मिळवण्यासाठी बोलत आहे? तिसरा, येथे कोणती गोष्ट सांगितलेली नाही? कवितेला हे प्रश्न लावले तर कविता अधिक समजेल, जाहिरातीला लावले तर जाहिरात उघडी पडेल. आठवड्यातून एक तास वर्तमानपत्रातील इंग्रजी जाहिरात, बँकेचे पत्र किंवा पुढाऱ्याच्या भाषणातील एक उतारा फळ्यावर लिहून त्याचे मराठीत विवेचन केले, तरी वर्षाकाठी विद्यार्थ्याच्या पदरात पाठांतराहून अधिक काही पडेल. विवेचन मराठीत झाल्याने इंग्रजी कच्चे राहील ही भीती अनाठायी आहे. जे समजले आहे ते परक्या भाषेत सांगण्याची धडपड मुले आपण होऊन करतात.

अशा शिक्षणाने मुले संशयखोर होतील, कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, असाही एक आक्षेप घेतला जाईल. खरी-खोटी नाणी पारखता येणारा सराफ नाणे घेणे थांबवत नाही, तो निर्धास्तपणे घेतो. मेकॉलेचा तराजू आणि आंबेडकरांचा विरोध दोन्ही अँटिथेसिसच आहेत. पहिल्याने तोलण्याआधीच पारडे झुकवले होते, दुसऱ्याने झुकलेले पारडे दाखवून दिले. हा फरक ज्याला करता येतो, तो थोर शब्दांपुढे अधिक मनापासून नम्र होतो, कारण त्याची नम्रता पारखून घेतलेली असते.

परीक्षेत अलंकार ओळखण्याचा प्रश्न यापुढेही येईल आणि बार्शीचा विद्यार्थी त्याचे गुण मिळवील. ते त्याने अवश्य मिळवावेत. पण त्या संध्याकाळी मोबाइलवर आलेला तो आपुलकीचा संदेश त्याने दोनदा वाचला, तेहतीसला तीनशे पासष्टांनी गुणले, 'मंजूर' कोणी केले आणि कोणत्या अटीवर हे विचारले, आणि मग काय करावयाचे ते स्वतः ठरवले, तर इंग्रजीचा तास खऱ्या अर्थाने फळाला आला असे म्हणता येईल.